पत्रास कारण की, तंबाखूला भाव आला नाही

१७५९च्या सप्टेंबरात व्हर्जिनियातल्या पोटोमॅक नदीकाठच्या माउंट व्हर्नन मळ्यावरून लंडनला सामानाची एक लांबलचक यादी रवाना झाली. पाठवणारा कर्नल जॉर्ज वॉशिंग्टन, वय २७, लष्करी नोकरी सोडून नुकताच संसाराला लागलेला. घर सजवण्यासाठी त्याने अर्धपुतळे मागवले होते: सिकंदर, ज्युलियस सीझर, स्वीडनचा बारावा चार्ल्स, प्रशियाचा राजा, सेनापती यूजीन आणि मार्लबरोचा ड्यूक. शिवाय दोन हिंस्र श्वापदे. पुतळ्यांची उंची इंचांत कळवली होती. पुढच्या वर्षी माल आला, तेव्हा मागवलेल्या वीरांपैकी एकही त्यात नव्हता. त्या मापाचे पुतळे मिळत नाहीत असे कळवून कारागिराने म्हाताऱ्या बापाला उचलून ट्रॉयमधून बाहेर पडणारा एनिअस, मद्यदेव बॅकस आणि पुष्पदेवी फ्लोरा धाडले होते. मागणीप्रमाणे आले ते फक्त दोन सिंह.

माल परत करायचा तर पुन्हा समुद्र ओलांडायचा, पुन्हा भाडे, पुन्हा विमा, पुन्हा वर्षभराची वाट. त्यामुळे आलेला माल ठेवून घ्यायचा आणि पत्र लिहायचे, एवढाच मार्ग उरे. वॉशिंग्टनने अशी पत्रे वर्षानुवर्षे लिहिली. रॉबर्ट केरी आणि कंपनी या लंडनच्या पेढीशी झालेला त्याचा हा पत्रव्यवहार त्याच्या नकलवह्यांमुळे टिकला. अठराव्या शतकातल्या व्हर्जिनियाच्या मळेवाल्या सरदारवर्गाचे घर आणि धंदा एकमेकांत किती गुंतले होते, हे समजून घ्यायला मला याहून चांगले प्रकरण दुसरे दिसत नाही. प्रश्न सरळ आहे. वसाहतीतल्या श्रीमंत विधवेशी लग्न करून मोठ्या मिळकतीचा कारभारी झालेला, हिशेबाला काटेकोर असलेला हा माणूस पाच वर्षांत त्याच पेढीचा सुमारे १,८०० पौंडांचा देणेकरी कसा झाला?

विधवेचे पत्र

सुरुवात वॉशिंग्टनपासून होत नाही, मार्थापासून होते. तिचा पहिला नवरा डॅनिएल पार्क कस्टिस ८ जुलै १७५७ रोजी वारला. मृत्युपत्र नव्हते. मागे २६ वर्षांची विधवा, दोन लहान मुले (जॅकी आणि पॅट्सी), सुमारे १७,५०० एकर जमीन आणि ३००च्या आसपास गुलाम माणसे. पुढच्या महिन्यात, २० ऑगस्टला, तिने लंडनच्या व्यापाऱ्यांना पत्रे लिहिली. नवरा गेल्याचे दुःख एका वाक्यात सांगून ती लगेच कामावर येते: आता सगळा कारभार माझ्याकडे आहे, पूर्वीप्रमाणेच व्यवहार चालू ठेवू, तंबाखू चांगला पाठवीन, तुम्ही भाव चांगला आणा. केरीकडे तिने नवऱ्याच्या थडग्यासाठी उत्तम टिकाऊ संगमरवराचा दगड मागवला, किंमत साधारण १०० पौंड, वर कोरायचा मजकूर सोबत.

नवऱ्याच्या थडग्याचा दगड आणि तंबाखूच्या भावाची विनंती एकाच पत्रव्यवहारात आली, म्हणून मार्थाला भावनाशून्य ठरवणे चूक होईल. त्या समाजात चांगला दगड लंडनहून यायचा, त्याचे पैसे तंबाखूतून वळते व्हायचे आणि दोन्ही गोष्टी एकाच माणसाला कळवाव्या लागायच्या. मला या पत्रांत एक सावध, नेटकी बाई दिसते. सुमारे दीड वर्ष ती या मिळकतीची खरी मालकीण होती.

६ जानेवारी १७५९ला तिने वॉशिंग्टनशी लग्न केले. १ मेच्या पत्रात वॉशिंग्टनने केरीला लग्नाचा दाखला जोडून पाठवला आणि बजावले की कस्टिस मिळकतीची सगळी पत्रे यापुढे माझ्या नावे यावीत. लग्नामुळे एक तृतीयांश मिळकतीवर माझा हक्क आहे आणि उरलेले दोन तृतीयांश कोर्टाच्या हुकुमाने माझ्या देखरेखीखाली आहेत. हे दोन तृतीयांश म्हणजे मुलांचा वाटा. जमीन आणि गुलामांतला विधवेचा तिसरा हिस्सा तिच्या हयातीपुरता होता. तो विकता येत नव्हता, फक्त त्याचे उत्पन्न घेता येत होते. या अटीचे परिणाम चाळीस वर्षांनी दिसणार होते. पत्रापुरते सांगायचे तर त्या दिवसापासून मार्था व्यापारी पत्रांतून गेली आणि यादीतल्या कापडांपुरती, बुटांपुरती उरली.

अडत

हा व्यवहार आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायला फार कष्ट नकोत. बाजार समितीत अडत्याकडे माल टाकणाऱ्या, त्याच्याकडूनच उचल घेणाऱ्या आणि मग त्याने पाठवलेल्या पट्टीवर समाधान मानणाऱ्या शेतकऱ्याला केरी लगेच ओळखू येईल. फरक अंतराचा होता, आणि प्रतिष्ठेचा.

तंबाखूचे बी हिवाळ्याच्या अखेरीस वाफ्यात पडे. मेच्या सुमारास लावणी, मग उन्हाळाभर खुरपणी, अळ्या वेचणे, शेंडे खुडणे, बगलफूट काढणे. उन्हाळा सरताना कापणी, कोठारात टांगून सुकवणे, मग पाने मोठ्या लाकडी पिंपांत दाबून भरणे. एका पिंपात साधारण हजार पौंड वजनाचा तंबाखू बसे. १७३०च्या कायद्यानुसार सरकारी गोदामात तपासणी होई आणि मगच पिंप जहाजावर चढे. ब्रिटिश कायद्याने वसाहतीचा तंबाखू ब्रिटनलाच पाठवणे सक्तीचे होते, मग तो पुढे फ्रान्सला जावो की हॉलंडला. म्हणजे बी पेरल्यापासून विक्रीची पट्टी हाती येईपर्यंत दीड-दोन वर्षे सहज जात. तोवर पुढचे पीक शेतात उभे असे आणि त्याच्या भरवशावर मागवलेला मालही वाटेत असे.

पट्टीत काय असे? जहाजभाडे, आयातकर, हमाली, पिंपांची डागडुजी, गोदामाचे भाडे, विमा आणि केरीचे कमिशन. राहिलेली रक्कम मळेवाल्याच्या खात्यावर जमा. त्या रकमेतून केरी यादीतले सामान लंडनच्या दुकानांतून खरेदी करी, आणि त्या खरेदीवरही कमिशन घेई. तंबाखू किती भावाने विकला गेला हे केरी सांगणार, कापड किती भावाने घेतले हेही केरीच सांगणार. जमा कमी पडली की उरलेले देणे खात्यावर चढे आणि त्यावर पाच टक्के व्याज लागे.

हा या प्रकरणाचा गाभा. येणे आणि देणे दोन्ही एकाच हाताने लिहिले जात होते आणि तो हात समुद्रापार होता. केरीने फसवले असे मी म्हणत नाही, पत्रांवरून तसे सिद्धही होत नाही. पण प्रामाणिक अडत्याशी व्यवहार करतानाही मळेवाल्याकडे एकच हत्यार होते, ते म्हणजे तक्रार.

याद्या

वॉशिंग्टनच्या तक्रारींत सर्वांत जळजळीत पत्र २८ सप्टेंबर १७६०चे. तो लिहितो की चांगल्या, चालू चालीच्या वस्तूंऐवजी आम्हाला पुष्कळदा आमच्या पूर्वजांनी जुन्या काळी वापरल्या असत्या अशा वस्तू येतात. माल परदेशी जाणार असे कळले की लंडनचे दुकानदार जुना किंवा हलका माल गळ्यात मारतात आणि वर किंमत १०, १५, प्रसंगी २० टक्क्यांनी चढवतात.

यावर त्याने शोधलेला उपाय पाहा. ऑक्टोबर १७६१मध्ये सावत्र मुलगी पॅट्सीसाठी स्पिनेट, म्हणजे हार्पसिकॉर्डच्या जातीचे छोटे पेटीवाद्य, मागवताना त्याने कारागिराचे नाव आणि लंडनमधली गल्लीसुद्धा लिहिली, आणि विनंती केली की हे वाद्य केरीसाहेबांनी स्वतःसाठी किंवा एखाद्या मित्रासाठी म्हणून सांगावे, ते परदेशी जाणार आहे हे कळू देऊ नये. पाच वर्षांच्या मुलीसाठी वाद्य मागवणारा हा माणूस राजाचा प्रजाजन होता, स्वतःला इंग्रजच समजत होता, आणि तरी चांगला माल मिळवण्यासाठी त्याला आपण वसाहतीत राहतो हे लपवावे लागत होते. पुढे दहा-पंधरा वर्षांनी ब्रिटनविरुद्ध जे बंड झाले त्याची कारणे शोधताना लोक मोठमोठ्या जाहीरनाम्यांकडे जातात. मला ही एक ओळ त्या जाहीरनाम्यांइतकीच महत्त्वाची वाटते.

कपड्यांचीही तीच कथा. २६ एप्रिल १७६३च्या पत्रात तो लंडनच्या शिंप्याला कळवतो की इथे मापे इतकी वाईट घेतली जातात की पाठवून उपयोग नाही. तेव्हा तुम्हीच सहा फूट उंचीच्या, जाडपेक्षा सडसडीत, हात आणि मांड्या बऱ्यापैकी लांब असलेल्या, चांगले कपडे घालणाऱ्या कोणा गृहस्थाचे माप घ्या.

मुलांच्या याद्या वेगळ्या असत, कारण पालक म्हणून त्याला मुलांच्या मिळकतीचा हिशेब कोर्टाला द्यावा लागे. म्हणून वॉशिंग्टन, जॅकी आणि पॅट्सी अशी निरनिराळी खाती. खेळणी, वाचायला शिकणाऱ्या मुलांसाठी छोटी पुस्तके, आतल्या बाजूला सोनेरी अक्षरांत मुलाचे नाव घातलेले बायबल, सगळे जिथल्या तिथे नोंदलेले. बाप म्हणून तो कसा होता हे कळायला आपल्याकडे दुसरे फारसे साधन नाही, कारण मार्थाने मरण्यापूर्वी नवऱ्याशी झालेला स्वतःचा जवळजवळ सगळा पत्रव्यवहार नष्ट केला. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पत्रे उरली. त्यामुळे या कुटुंबाचे प्रेम आपल्याला बरेचसे बिलांतून वाचावे लागते.

मार्थाचा स्वतःचा आवाज मात्र तिने बहिणीला लिहिलेल्या पत्रात उरला आहे. ऑगस्ट १७६२मध्ये ती अ‍ॅना मारिया बॅसेटला सांगते की जॅकीशिवाय राहता येते का हे पाहायला त्याला घरी ठेवून पॅट्सीला बरोबर घेऊन मी बाहेरगावी गेले. पंधरवडाही काढवला नाही. कुत्री भुंकली की वाटे मला बोलवायलाच कोणी आले, पोर आजारी पडले असेल, काही झाले असेल. कस्टिस घराण्यातली तिची दोन मुले आधीच गेली होती, हे लक्षात ठेवून ते पत्र वाचावे.

१,८०० पौंड

आता कर्ज. एप्रिल १७६३मध्ये रॉबर्ट स्ट्यूअर्ट या लष्करातल्या जुन्या सोबत्याने उसने पैसे मागितले, तेव्हा वॉशिंग्टनने आपली स्थिती उघड केली. नोकरी सोडून आलो तेव्हा मळ्याची दैना झाली होती. लगतच्या जमिनी घेतल्या, गुलाम घेतले, पहिली दोन-तीन वर्षे धान्यही विकत आणावे लागले, इमारती बांधल्या, आणि लग्नाने आलेला सगळा पैसा मला कळायच्या आत गिळला गेला, उलट वर कर्ज झाले.

या कबुलीत एक गोष्ट तो घेत नाही, ती म्हणजे याद्या. मळ्याची अवजारे, खिळे, बियाणे, गुलामांसाठीचे जाडेभरडे ऑस्नाबर्ग कापड हे सगळे खर्चाचे होते, खरे. पण नदीकाठच्या चांगल्या घराला शोभतील असे पलंगाचे पडदे, मिठाई मांडायची काचेची तबके, नोकरांचे गणवेश, रेशीम, मदिरा हेही त्याच यादीत असे. १७५९च्या पहिल्याच मोठ्या मागणीत शेतीवरच्या पुस्तकांमध्ये एक असेही होते, जे लवकर श्रीमंत होण्याचा मार्ग दाखवण्याचे वचन देत होते. या वर्गात मोठेपण दाखवावे लागे, कारण पत त्यावर चाले, आणि पतीवरच पुढची उचल मिळे. तंबाखूचा भाव पडला म्हणून पाहुण्यांसमोर साधी भांडी मांडली तर शेजारी काय समजतील, ही भीती खरी होती.

केरीने थकबाकीची आठवण केली. १० ऑगस्ट १७६४चे वॉशिंग्टनचे उत्तर मी अनेकदा वाचले आहे, कारण त्यात अभिमान आणि अडचण शेजारी शेजारी बसलेली दिसतात. तो म्हणतो, हे माझ्या गैरवर्तनाने नव्हे, दैवाच्या फटक्यांनी झाले, पिके बुडाली. पीक येईल त्यापेक्षा लवकर मी पैसे पाठवू शकत नाही. मोकळ्या मनाच्या माणसाला कर्जात अडकणे फार त्रासाचे असते. आणि एवढ्यावर तुमचे समाधान नसेल तर कळवा, मी नाइलाजाने असा काही मार्ग काढीन की कर्ज एकदम फिटेल आणि पुन्हा त्याची वाच्यता होणार नाही. शेवटच्या वाक्यात धमकी आहे. मोठे गिऱ्हाईक गमावाल, असा त्याचा अर्थ. पण त्याच सुमारास पुढची यादीही जात राहिली.

माझे मत असे की दोष वाटून घ्यावा लागतो. व्यवस्था शेतकऱ्याला प्रतिकूल होती, यात शंका नाही. पोटोमॅककाठचा तंबाखू यॉर्क नदीकाठच्या कस्टिस जमिनीवरच्या तंबाखूच्या तोडीचा नव्हता, आणि हे वॉशिंग्टनला सोसायला जड गेले. पण ज्या वर्षी पीक बुडाले त्या वर्षीही खर्चाची घडी मोडायची नाही, हा निर्णय त्याचा होता.

दुसरे एक पत्र

२ जुलै १७६६चे एक पत्र केरीला लिहिलेले नाही. ते वेस्ट इंडीजकडे निघालेल्या थॉम्पसन नावाच्या एका कप्तानाला आहे. अवघे पान-दीड पान. मला वाटते, या सगळ्या पत्रव्यवहारात हेच सर्वांत आधी वाचायला हवे.

पत्रासोबत टॉम नावाचा एक गुलाम येत आहे, असे त्यात म्हटले आहे. जिथे जाल त्या कोणत्याही बेटावर, येईल त्या किमतीला त्याला विकावे. बदल्यात एक पिंप उत्तम काकवी, एक पिंप उत्तम रम, चांगली आणि स्वस्त असतील तर पिंपभर लिंबे, सुमारे दहा पौंड चिंचेची एक बरणी, मिश्र मिठाईच्या दोन लहान बरण्या, आणि उरलेल्या पैशांची जुनी चांगली दारू आणावी. हा माणूस पळपुटा आणि लबाड आहे हे मी नाकारत नाही, तरी लबाडीबद्दल त्याची फारशी ख्याती नव्हती आणि पळण्याचे अलीकडेच सुरू झाले. पण तो अत्यंत निरोगी, दणकट आणि कुदळीच्या कामात तरबेज आहे, हे सारा शेजार सांगेल. तो टोळीचा मुकादम होता. म्हणून जरा सजवून दाखवला तर चांगली किंमत यावी. पळून जाऊ नये म्हणून समुद्र गाठेपर्यंत हातकड्या घालून ठेवावे.

ही तीच लेखणी, तीच शैली. स्पिनेट मागवताना कारागिराचा पत्ता देणारा नेमकेपणा इथे चिंचेच्या वजनात आला आहे. वेस्ट इंडीजच्या ऊसमळ्यांवर गुलाम लवकर मरत, हे व्हर्जिनियात सगळ्यांना माहीत होते. तिकडे विकणे ही शिक्षा होती आणि मागे राहिलेल्यांना इशारा होता. टॉम का पळाला, मागे त्याचे कोण होते, याबद्दल पत्रात एक शब्द नाही. वॉशिंग्टनने केरीला लिहिलेल्या प्रत्येक ओळीमागे टॉमसारख्यांच्या हातांनी लावलेला, खुडलेला, पिंपात दाबलेला तंबाखू आहे. दर काही महिन्यांनी भावाबद्दल हळहळणाऱ्या त्या पत्रांत पीक कसे आले याची चर्चा असते, जहाज कधी निघाले याची असते. पीक कोणी काढले हे सांगायची गरज लिहिणाऱ्याला वाटली नाही, कारण वाचणाऱ्यालाही ते विचारायचे नव्हते. जुन्या सरदार घराण्यांची सुसंस्कृत पत्रे म्हणून हा साहित्यप्रकार कौतुकाने वाचला जातो. ते कौतुक मला टॉमचे पत्र बाजूला ठेवून करता येत नाही.

गहू, आणि करार

२० सप्टेंबर १७६५च्या तारखेची दोन पत्रे शेजारी ठेवण्यासारखी आहेत. एक केरीला, एक मार्थाचे लंडनवासी काका फ्रान्सिस डँड्रिज यांना. एक व्यापाऱ्याला, एक सासरच्या वडीलधाऱ्याला, पण विषय एकच: मुद्रांक कायदा, म्हणजे कागदपत्रांवर मुद्रांक लावून वसाहतींकडून कर घेण्याचा पार्लमेंटचा कायदा. केरीच्या पत्रात त्याआधी तंबाखूची कैफियत आहे, आपली विक्री दीनवाणी झाली, याच नदीवरच्या ओळखीच्यांना आपल्यापेक्षा बरा भाव मिळाला. मग तो ब्रिटिश व्यापाऱ्याला त्याच्याच हिताची गोष्ट सांगतो. मुद्रांकाचा कागद नाही म्हणून कोर्टे बंद पडली तर तुमची येणी वसूल कशी होतील? आणि चैनीच्या वस्तूंवाचून आम्हाला राहता येते हे आम्हाला कळले तर तुमच्या मालाचे काय? भावाची तक्रार आणि राजकारण इथे एका पत्रात आले.

त्याने नुसते लिहिले नाही. पुढच्या वर्षापर्यंत माउंट व्हर्ननच्या जमिनीवर तंबाखू बंद करून गहू घेतला. गहू जवळच्या अलेक्झांड्रियातल्या व्यापाऱ्यांना विकता येई, भाव समोरासमोर ठरे. नदीत मासळी धरून विकली, पुढे पिठाची गिरणी बांधली. कस्टिसांच्या यॉर्ककाठच्या जमिनीवर मात्र तंबाखू चालू राहिला आणि केरीचे खातेही. १७६८मध्ये त्याने नवी घोडागाडी मागवली: नवीन चालीची, देखणी, हलकी पण तकलादू नव्हे, उत्तम वाळलेल्या लाकडाची. १७७१मध्ये तक्रार गेली की लाकूड ओले होते, दोन महिन्यांत फळ्या खाचांतून निसटल्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरल्या.

५ एप्रिल १७६९ला शेजारी जॉर्ज मेसनला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या वर्गाचा स्वभाव इतका नेमका पकडला आहे की तो आरशासमोर बसून लिहीत असावा असे वाटते. ब्रिटिश माल न घेण्याचा करार केला तर कर्जबाजारी घराण्यांना काटकसरीला निमित्त मिळेल, असे तो म्हणतो. एरवी उधळ्या माणसाला वाटते की राहणी बदलली तर आपली मिळकत खालावल्याचा संशय येईल, आणि असा विचार जगाच्या मनात येता कामा नये. पाच वर्षांपूर्वी केरीला दिलेल्या उत्तरात जे आले नव्हते, ते इथे आले.

मेमध्ये विल्यम्सबर्गला तो करार झाला. २५ जुलैला केरीकडे गेलेल्या यादीसोबत सक्त सूचना होती: अमेरिकेतून महसूल काढण्यासाठी पार्लमेंटने ज्यांवर कर बसवला आहे अशा वस्तू, कागद सोडून, मुळीच पाठवू नयेत. मागणी पाठवणारा हात आता नकारही पाठवत होता. व्यापारी पत्राने राजकीय पत्राचे काम केले, आणि त्यासाठी नवी भाषा लागली नाही.

खाते कसे मिटले

कर्ज फिटले ते गव्हाने नाही, मासळीने नाही. १९ जून १७७३ रोजी पॅट्सी गेली. तिला लहानपणापासून फेफऱ्याचे झटके येत होते, वय १७. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनने मार्थाच्या मेहुण्याला, बर्वेल बॅसेटला लिहिले की दुपारी चारच्या सुमारास जेवून उठली तेव्हा कित्येक दिवसांत नव्हती इतकी बरी होती, मग नेहमीचा झटका आला आणि दोन मिनिटांच्या आत, एक शब्दही न बोलता, न कण्हता ती गेली. या घराच्या दुःखाचे वर्णन करण्यापेक्षा कल्पनाच सोपी, विशेषतः माझ्या पत्नीच्या. इतके मोकळे लिहिणे त्याच्या हातून क्वचित झाले.

कायद्याने पॅट्सीच्या मिळकतीचा अर्धा भाग भावाकडे गेला, अर्धा आईकडे, म्हणजे आईच्या नवऱ्याकडे. त्यात बँक ऑफ इंग्लंडचे शेअर होते. त्या वारशातून केरीचे देणे चुकते करण्याची व्यवस्था वॉशिंग्टनने त्याच वर्षी केली. सुतकाचे कपडेही लंडनहूनच मागवले. ज्या मुलीसाठी गुपचूप वाद्य घ्यायला सांगितले होते, तिच्या मरणाने त्या पेढीचे खाते साफ झाले. वॉशिंग्टनने पैशासाठी काही वावगे केले असे कुठेही दिसत नाही, त्याचे दुःख खरे होते. पण या वर्गात माणसाचे जाणे हे लग्नासारखेच आर्थिक व्यवहाराचे वळण असे, आणि त्याच्या मिळकतीतल्या दोन सर्वांत मोठ्या जमा अशाच आल्या होत्या. एक लग्नाने, एक मृत्यूने. शेतीने मोठी जमा कधी दिली नाही.

१ मे १७५९च्या पत्रातला तो तिसरा हिस्सा मात्र मिटला नाही. १७९९मध्ये वॉशिंग्टनने माउंट व्हर्ननवरच्या गुलामांची यादी केली तेव्हा ३१७ माणसे होती, त्यांतली १५३ कस्टिस हिश्श्याची. स्वतःच्या मालकीच्या गुलामांना मुक्त करण्याची तरतूद त्याने मृत्युपत्रात केली. त्या १५३ जणांना मुक्त करण्याचा अधिकार त्याला नव्हता आणि मार्थालाही नव्हता. चाळीस वर्षांत दोन्ही बाजूंच्या माणसांत लग्ने झाली होती, मुले झाली होती. मूल आईच्या मालकाचे. त्यामुळे बाप मोकळा आणि बायको-मुले गुलाम, अशी घरे झाली. १८०२मध्ये मार्था वारली आणि कस्टिस हिश्श्याची माणसे तिच्या चार नातवंडांत वाटली गेली.